मास्तरांच्या ओठांतल्या टाचण्या

आमच्या रस्त्यावर कुणालाही विचारा, शिंपीमास्तरांसारखा गोड माणूस नाही म्हणून सांगतील. कधी उलट बोलणार नाहीत, कुणाचं मन दुखवणार नाहीत, गिऱ्हाईक काय वाट्टेल ते बडबडलं तरी मान डोलावून ऐकतील. मी सव्वीस वर्षं त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसून काजं करते नि बटणं लावते, त्यामुळे हे ऐकलं की मला हसू आवरत नाही. अहो, कसला गोड माणूस! त्यांच्या ओठांत टाचण्या असायच्या, म्हणून गप्प होते इतकंच.

सकाळी शटर वर गेलं की मास्तर डबीतून मोजून सात टाचण्या काढायचे आणि ओठांत धरायचे. तीन डावीकडे, चार उजवीकडे. मग गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचं, कच्चा शिवलेला कोट अंगावर चढवायचा आणि एकेक टाचणी ओठांतून काढून खांद्याला, बगलेला, कमरेला खोचत जायचं. या सगळ्या वेळात ते एकच शब्द बोलू शकायचे. हं. पण त्या एका ‘हं’वर त्यांनी उभा धंदा चालवला. बाईनं विचारलं, यात मी जाड दिसते का, की हे म्हणायचे हं, आणि बाई खूश, कारण तिला त्यात ‘छे, मुळीच नाही’ ऐकू यायचं. एखादा गृहस्थ म्हणायचा, आणखी दोन इंच आत घ्या, महिन्याभरात पोट उतरवणार आहे. हे म्हणायचे हं, आणि दोन इंच कापड गुपचूप आत ठेवून द्यायचे, महिन्याभरात उसवावं लागणार म्हणून.

खरे मास्तर कसे, ते पाहायचं तर अकरा वाजता नाहीतर चार वाजता यायला हवं. पण तेव्हा कुणाला येऊ देत नसत. चहाच्या वेळी दुकानाचा पडदा ओढायचा, हा आमचा नियम. लोकांना वाटायचं, दमलेत बिचारे, पाठ टेकली असेल. पाठ कसली टेकतात! टाचण्या डबीत पडल्या की मास्तरांचं तोंड सुरू. सकाळपासूनची सगळी गिऱ्हाइकं पडद्याआड एकेक करून उसवली जायची. त्या गृहस्थाचा एक खांदा उंच नाही, त्याला माज आहे आणि तो एकाच बाजूनं आहे. त्या बाईंना कंबर कुठे आहे ते टेपला सापडत नाही, मला काय सापडणार. चहा संपेपर्यंत मी हसून हसून दोनदा सुई बोटात घुसवून घ्यायची. मग पडदा बाजूला व्हायचा, टाचण्या ओठांत जायच्या, आणि बाहेर पुन्हा तोच देवमाणूस.

ही सवय लागली कशी, तेही त्यांनी मला चहालाच सांगितलं होतं. चौदाव्या वर्षी काम शिकायला एका उस्तादाकडे राहिले. तोंडाचा पट्टा अखंड चालू. उस्ताद बोटांवर लाकडी पट्टी मारायचे. पट्टी तुटली, तोंड काही थांबेना. शेवटी उस्तादांनी मूठभर टाचण्या ओठांत दिल्या आणि सांगितलं, खाली पडल्या तर आपल्या घरी जायचं. घरी जाण्यात अर्थ नव्हता, कारण तिथे वाट बघणारं कुणी नव्हतं. आई ते सहा वर्षांचे असतानाच गेली होती. टाचण्या पडल्या नाहीत. सत्तेचाळीस वर्षं पडल्या नाहीत.

दुकानाच्या वरच दोन खोल्यांत त्यांचा संसार. मास्तरीणबाई म्हणतात की लग्नाचं विचारलं तेव्हा यांनी ‘हं’ म्हटलं होतं आणि त्याचा अर्थ त्या अजून लावतायत. एकच मुलगी. लहानपणी मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी नुसती गरगर फिरायची म्हणून तिचं नाव मास्तरांनी बॉबिन ठेवलं, आणि ते असं चिकटलं की शाळेतल्या बाईसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायच्या. शाळा सुटली की धावत दुकानात यायची नि बापापुढे गाल करायची. बाप ओठांतल्या टाचण्यांकडे बोट दाखवायचा, टेप धरलेल्या हातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि गिऱ्हाइकाकडे वळायचा. मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. जाण्याआधी माझ्याजवळ बसून एकदा म्हणाली, “मावशी, बाबांनी माझा मुका घेतलेला मला एकदाही आठवत नाही. आठवतात त्या टाचण्याच.” हसतच म्हणाली. मी ते मास्तरांना सांगितलं. सांगायला नको होतं की काय कोण जाणे, पण माझ्या पोटात काही राहत नाही. मास्तर त्या दिवशी चहाला एकाही गिऱ्हाइकावर बोलले नाहीत.

मग यंदा बॉबिनला मुलगी झाली. तीन आठवड्यांची झाली की बाळाला घेऊन दीड महिना राहायला येते, असा तिचा निरोप आला. येणार रविवारी. मास्तर चहाचा कप तसाच हातात धरून मला म्हणाले, “काजबाई, बॉबिनच्या वेळी राहिलं ते राहिलं. ही पोरगी दारात आली की टाचण्या डबीत टाकणार आणि सगळ्यांच्या आधी मी मुका घेणार.” मला काजबाई म्हणतात ते. मी म्हटलं, जरूर घ्या, आधी दाढी करा.

त्या दिवसापासून माणूस हवेत. बाळासाठी झबलं शिवायचं म्हणून मऊ सुताचं कापड आणलं. ते तीनदा धुतलं आणि दुकानासमोर दोरीवर वाळत घातलं. आता दोरी आहे, ऊन आहे, चिमटे आहेत, कापडाला आणखी काय हवं? पण नाही. शेजारच्या बेकरीचं मांजर त्यावर पाय देईल म्हणून हे भर उन्हात खुर्ची टाकून दोन दुपार राखण करत बसले. डोक्यावर टोपी नाही, काही नाही. शिवाय गिऱ्हाइकांची कामं आधी उरकायची म्हणून धड जेवण नाही, धड झोप नाही. मी बडबडले, मास्तरीणबाई बडबडल्या. उत्तर आलं, हं.

सोमवारी ते सारखे खालच्या ओठाच्या कोपऱ्याला जीभ लावत होते. मी विचारलं तर म्हणाले, इथे काहीतरी चुणचुणतंय, टाचणी टोचली असेल. मंगळवारी सकाळी तिथे फोडांचा एक झुपका. बारीक बारीक, पाण्यानं भरलेले, एकमेकांना खेटून बसलेले. ओठ सुजून एका बाजूला ओघळला होता. टाचण्या धरायला गेले आणि डोळ्यांत पाणी आलं.

झालं. आमच्या रस्त्यावर कुणाला काही झालं की सगळ्यांना डॉक्टरकी फुटते. इस्त्रीवाला म्हणाला, रात्री कोळी तोंडावरून फिरला असणार, गरम वाफ द्या, मरतंय ते विष. आणि मास्तरांनी खरंच इस्त्रीच्या वाफेपुढे तोंड नेलं. ओठ लाललाल झाला. बेकरीवाल्या बाई टूथपेस्टची नळी घेऊन आल्या, ती लावली तर माणूस जागच्या जागी नाचला. शेवटी स्वतःचंच डोकं चालवलं. फोड ओलसर आहे, म्हणजे सुकवला पाहिजे, म्हणून त्यावर कापडावर खुणा करायचा पांढरा खडू घासला. मी जेवून आले तर हे ओठावर माप घेतल्यासारखी खूण करून बसलेले. मी म्हटलं, मास्तर, आता तिथून कापायचं का?

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. आमच्या चौकात त्यांचा दवाखाना आहे. गरम कोट शिवायला टाकला होता, त्याची ट्रायल होती. मास्तर सवयीनं टाचण्या ओठांकडे न्यायला लागले, आणि आरशात बघायचं सोडून डॉक्टरीणबाई त्यांच्याच तोंडाकडे बघायला लागल्या. त्यांनी टाचण्या खाली ठेवायला लावल्या, मास्तरांना उजेडाकडे वळवलं, आणि खडू कुणी लावला म्हणून विचारलं. मी मास्तरांकडे बोट दाखवलं.

कोळी नाही, विष नाही. एक विषाणू असतो, बहुतेकांना लहानपणीच मिळतो, असं त्या सांगायला लागल्या. फोड बरा होतो, पण तो विषाणू अंगातून जात नाही. नसेच्या मुळाशी जन्मभर झोपून राहतो आणि अंगावर ऊन आलं, ताप आला, दगदग झाली, ओठाला इजा झाली की जागा होऊन पुन्हा वर येतो. मास्तरांनी दोन दुपार ऊन खाल्लं, झोप मोडली आणि वर ओठाला टाचण्या टोचत राहिले, म्हणजे त्याला उठवायला काही बाकी ठेवलं नव्हतं. त्यांनी एक मलम लिहून दिलं. खरं तर चुणचुण सुरू झाली त्याच तासाला ते लावलं तर सगळ्यात गुण येतो, आता उशीर झालाय, पण लावा म्हणाल्या. दिवसातून पाच वेळा, चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं, आधी नि नंतर हात साबणानं धुवायचे. खपली काढायची नाही. कप वेगळा, टॉवेल वेगळा. पुढच्या खेपेला हे टाळायचं असेल तर उन्हात जाताना टोपी घालायची आणि ओठाला ऊन अडवणारं मलम लावायचं. आणि टाचण्या ओठांत कायमच्या बंद.

मास्तर सगळ्याला हं हं करत होते. मग मी म्हटलं की रविवारी यांची नात येतेय, तीन आठवड्यांची.

डॉक्टरीणबाई हातातली पर्स खाली ठेवून उभ्या राहिल्या. आवाज एकदम बदलला. म्हणाल्या, “मास्तर, नीट ऐका. मोठ्या माणसाला हा नुसता फोड आहे. एवढ्या लहान बाळाला तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बाळं दगावतात यानं. खपली पडून खाली कोरी त्वचा दिसेपर्यंत मुका घ्यायचा नाही. गालाचा नाही, हाताचा नाही, कशाचाच नाही.”

किती दिवस, मास्तरांनी विचारलं. आठ-दहा, त्या म्हणाल्या. रविवार पाच दिवसांवर होता.

मग मास्तरांनी एक विचित्र प्रश्न विचारला. लहानपणी मिळतो म्हणजे कुणाकडून मिळतो? डॉक्टरीणबाई कोट काढता काढता म्हणाल्या, बहुतेक घरातल्याच कुणाकडून, ज्याला फोड येतो आणि जो मुके घेतो त्याच्याकडून. मास्तर तो कोट हातात घेऊन त्याच्याकडेच बघत उभे राहिले. मला वाटलं, घाबरले असतील.

घाबरले तर होतेच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती, ती संध्याकाळी बाहेर पडली. बॉबिनला यातलं काही कळवायचं नाही, असं मला नि मास्तरीणबाईंना बजावलं. कळलं तर ती येणारच नाही, सासरची माणसं बाळाला पाठवणार नाहीत, मग येणं पुढे ढकललं जाईल, पुढे ढकललेलं राहून जाईल. मास्तरीणबाईंनी काळजीनं मान डोलावली. मी नाही डोलावली. मी म्हटलं, मास्तर, दीड महिना तुम्ही हे लपवणार कुठे? ओठ काय खिशात ठेवणार? रविवारपर्यंत तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांचं कापड फाडलंय.

बुधवारपासून दुकानात जे झालं ते रस्त्यावरची माणसं अजून सांगतात. टाचण्या ठेवायला मी मास्तरांच्या मनगटाला एक कापसाची गादी बांधून दिली. ओठ रिकामे. चहा व्हायच्या आधीच, पडदा उघडा असताना, माणसाचं तोंड सुटलं. पहिले बळी ते पोट उतरवणारे गृहस्थ. आरशासमोर श्वास ओढून उभे राहिले. मास्तर म्हणाले, सोडा श्वास, कोट घालून जगायचंही आहे तुम्हाला. गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं, दुकानात आणखी कोण बोललं म्हणून. मग शाळेच्या मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, या रंगात वय कमी दिसतं ना? मास्तर म्हणाले, रंगाला एवढं काम सांगू नका. मी बटणांच्या डब्यात तोंड घातलं.

दोघं चिडून गेले, एकानं कापड परत मागितलं. पण पोट सोडून माप दिलेले गृहस्थ शुक्रवारी कोट न्यायला आले, बटण लावून खुर्चीत बसले, उठले, वाकले, आणि म्हणाले की आयुष्यात पहिल्यांदा कोट टोचत नाहीये. दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन आले. शाळेच्या बाईही परत आल्या. त्यांना दुसरा रंग हवा होता, आणि मास्तर काय म्हणतात ते ऐकायचंही होतं. बाकावर उगीच बसायला माणसं यायला लागली.

अख्ख्या रस्त्याला तोंडावर खरं सांगणारा हा माणूस, पोटच्या मुलीला फोन करून एक वाक्य सांगायचं तर फोनकडे बघायचा नि पुन्हा मशीन चालवायला लागायचा. मला असा राग यायचा! पाच वेळा मलम टेकवायचे, पाच वेळा आरशात बघायचे, आणि फोडाला म्हणायचे, लवकर आटप. आरशाला तरी बोलत होते.

शुक्रवारी दुपारी झबलं पूर्ण झालं. तळहाताएवढं, पुढून बांधायचे बंद, आत शिवण लागू नये म्हणून सगळ्या शिवणी बाहेरून दुमडलेल्या. मी त्याला बंद लावून शेवटची गाठ मारली आणि मास्तरांनी ते माझ्याकडून घेऊन उरलेला दोरा दातांनी तोडला. तोडला आणि तसेच थांबले.

त्यांच्या लक्षात आलं ते माझ्याही लक्षात आलं. शिंपी दोरा ओवतो कसा? टोक ओठांत ओलं करून. तोडतो कसा? दातांनी. सोमवारपासून त्या झबल्यातला एकूण एक दोरा मास्तरांच्या ओठांतून गेला होता. मुका घ्यायचा नाही म्हणून माणूस तीन दिवस स्वतःला आवळून बसला होता, आणि हातांनी मात्र बाळाच्या अंगाला लागणारं अख्खं कापड तोंडातून काढून शिवत होता. आम्हां दोघांना ते दिसलं नाही, कारण त्या कामाकडे कुणी बघतच नाही. सत्तेचाळीस वर्षं श्वास घ्यावा तसं केलेलं काम ते.

मी धावत दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं घाबरू नका, कापडावर तो फार टिकत नाही, साबणाच्या गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, पुरे. मी येऊन सांगितलं. मास्तर म्हणाले, त्यांना पुरे असेल. तोवर त्यांनी अर्धं झबलं उसवलंही होतं. एकेक टाका सुईनं उचलून सगळे दोरे काढले, कचऱ्यात टाकले, तुकडे धुवायला दिले. शनिवारी सकाळी हात कोपरापर्यंत धुवून पुन्हा शिवायला बसले.

तो शनिवार मी जन्मात विसरणार नाही. समोर वाटीत ओला स्पंज, दोरा ओला करायला. शेजारी बारकी कात्री, तोडायला. आणि त्याच्या शेजारी मी, लाकडी पट्टी घेऊन. कारण सवय कुठली ऐकते! दोरा घेतला की हात आपला ओठाकडे निघालाच. मी पट्टी मारायची. म्हणायचे, लागलं. मी म्हणायची, लागू दे. दुपारपर्यंत त्यांची बोटं लाल झाली आणि माझा हात दुखायला लागला. चारच्या सुमाराला पहिल्यांदा त्यांचा हात आपण होऊन स्पंजाकडे वळला. मग मला म्हणाले, उस्तादांची पट्टी तुझ्यापेक्षा हलकी होती. मी म्हटलं, उस्तादांना तुमच्या नातीची काळजी नव्हती.

रविवारी सकाळी फोडावर खपली धरलेली होती, जाड, तपकिरी. मी सुट्टी असून आले. मास्तर खाली दुकानातच उभे होते, दाढी केलेली, नवा सदरा, हातात रुमाल, आणि रुमाल तोंडावर. बेकरीवाल्या बाई ओट्यावर आधीच हजर. गाडी थांबली, बॉबिन उतरली. दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं, त्यातून एक मूठ बाहेर आलेली. मास्तरीणबाईंना ओलांडून ती सरळ बापापुढे आली आणि तिनं बाळ पुढे केलं.

मास्तर दोन पावलं मागे सरले. पाठ मशीनला लागली. ती म्हणाली, घ्या ना बाबा. मास्तर रुमालाआडून म्हणाले, हं.

मी बॉबिनचा चेहरा पाहिला. शाळेतून धावत येऊन गाल पुढे करायची, तेव्हाचाच चेहरा होता तो. हात हळूच मागे घेतले तिनं. म्हणाली, “टाचण्या नसल्या तरी तेच का, बाबा?” आणि जिन्याकडे वळली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तरांनी रुमाल खाली टाकला. तिला थांब म्हणाले. ओठ दाखवला. आणि मग बोलायला लागले ते सगळं एका दमात. फोड, विषाणू, मलम, उन्हात राखलेलं कापड, उसवलेलं झबलं, काजबाईची पट्टी, आणि पाच दिवस फोन न करण्याचं कारण. बॉबिन बाळाला छातीशी धरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं की फोनवर सांगितलं असतं तर काय झालं असतं. मास्तर म्हणाले, तू आली नसतीस. ती म्हणाली, आले असते, तुम्हाला नुसतं लांब बसवलं असतं.

मास्तर खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवून. म्हणाले, “माझ्या आईला दर उन्हाळ्यात ओठावर असाच फोड यायचा. तिचा चेहरा मला आठवत नाही, तो फोड आठवतो. ती माझे मुके घ्यायची, त्यातूनच आला असणार हा. तिचं दुसरं काही माझ्याकडे नाही, फोटोसुद्धा नाही. एवढंच आहे. पण पोरी, हे मला पुढे द्यायचं नाही.”

मास्तरीणबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मग मास्तरांनीच विचारलं, बॉबिन, तुला कधी आला का असा फोड? तिनं आठवून पाहिलं. कधीच नाही म्हणाली. मास्तर म्हणाले, मग टाचण्यांवरचा राग थोडा कमी कर.

ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. एवढ्यात बेकरीवाल्या बाई पुढे सरकल्या. आता यांचं कसं, तर रस्त्यावर मूल दिसलं की दोन्ही गाल चोखल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. ओठांचा चंबू करून वाकल्या आणि मास्तर खुर्चीतून उठून मध्ये उभे राहिले. आधी उजेडाकडे वळा म्हणाले. बाईंचा ओठ ट्रायलला आलेल्या कोटासारखा दोन्ही बाजूंनी तपासला, आणि तो कोरा निघाला तरी सांगितलं की या पोरीचा मुका सध्या कुणीच घ्यायचा नाही, पाया पडा, हात जोडा, पण लांबून. बाई आठवडाभर आमच्याशी बोलत नव्हत्या. नंतर स्वतःच त्यांनी बेकरीत ‘तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये’ असा कागद लावला.

दुपारी मास्तरांनी सुटाच्या राखाडी कापडाचा एक तोंडपट्टा शिवला, आतून अस्तर, कडेला दुहेरी शिवण. तो बांधून रोज दुकान बंद झालं की वर जायचे, हात धुवायचे आणि बाळापासून हातभर लांब खुर्ची टाकून बसायचे. मुका नाही, मग करायचं काय? बोलायचे. दिवसभराची सगळी गिऱ्हाइकं तिला सांगायचे. कुणाचा खांदा, कुणाची कंबर, कुणाचा माज. पडद्याआड सव्वीस वर्षं मी एकटीनं ऐकलेला मजकूर त्या एवढ्याशा पोरीपुढे उलगडत होता, आणि शेजारी बसून बॉबिन ऐकत होती. एकदा मला म्हणाली, मावशी, हे असे होते आणि तुम्ही मला कधी बोलला नाहीत. मी काय सांगू तिला? मी फक्त ‘हं’ म्हटलं.

दहाव्या दिवशी खपली गळली. आणखी तीन दिवस थांबून डॉक्टरीणबाईंनी उजेडात ओठ पाहिला आणि कोरा आहे म्हणाल्या. बॉबिन तिथेच बाळाला घेऊन उभी होती, नवं झबलं घातलेलं. तिनं काही न बोलता बाळ मास्तरांच्या हातांत दिलं. त्यांनी तोंडपट्टा सोडला, मान वाकवली.

तोंडपट्ट्याशिवायचा चेहरा त्या पोरीनं पहिल्यांदाच पाहिला होता. तिला तो ओळखू येईना. ओठ थरथरला, रडं फुटणार असं दिसलं. मास्तर तसेच थांबले. मग हळूच म्हणाले, अगं, ते पोट उतरवणारे आज पुन्हा आले होते.

पोरगी रडायची थांबली. आवाजाकडे टकमक बघायला लागली. मी म्हटलं, मास्तर, घ्या की आता, परवानगी आहे.

“राहू दे,” ते म्हणाले, “तिचं ऐकून होऊ दे आधी.” आणि त्या गृहस्थांच्या कमरेचं पुढे काय झालं ते तिला सांगत बसले.